बोटाच्या टोकाएवढं मलम

डॉक्टरीणबाई हसल्या आणि मी खुर्चीत मागे टेकले. तोवर मी खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते, हे माझं मलाच कळलं नव्हतं. आठवडाभर घशाखाली घास उतरत नव्हता आमच्या, आणि ही बाई चक्क हसत होती! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते. पण खरं सांगते, इतकं गोड हसणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्या का हसल्या ते सांगतेच, पण आधी आमच्या जाऊबाई कोण ते सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, एका डबीसाठी एवढा बाऊ कशाला.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. दीर जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. मागच्या खोलीत राहतात. आमच्याकडे राहतात असं लोक म्हणतात, पण खरं तर मीच त्यांच्याकडे आले, लग्न होऊन. तेव्हा त्या मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होत्या. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे पांढरे कोट, सगळं कढत पाण्यात आणि कडक साबणात. त्या वाफेत उभं राहून राहून त्यांच्या हातांची पार दशा झालेली. मूठ मिटली की बोटांच्या पेरांवर भेगा उघडायच्या. बाजारातली मलमं आणून बघितली. एक झोंबायचं, दुसऱ्याच्या वासानं डोकं उठायचं. शेवटी वैतागून एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी घरीच तेल आणि मेण एकत्र वितळवलं.

पहिली खेप इतकी कडक झाली की बोट लावलं तर नख मोडेल. माझे यजमान सुतार. त्यांनी डबीवर टकटक करून बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, हे मला द्या. दाराखाली पाचर म्हणून छान बसेल." जाऊबाई रागावल्या नाहीत. त्या रागावतच नाहीत, तो विभाग घरात माझ्याकडे आहे. त्यांनी ते पुन्हा वितळवलं, तेल वाढवलं, थेंब थंड चमच्यावर टाकून बघितला, पुन्हा वाढवलं. संध्याकाळपर्यंत लोण्यासारखं जमून आलं.

पुढे माझा मुलगा झाला. थंडीत त्याचे गाल उलून लाल व्हायचे, गरीब बिचारं रडायचं. जाऊबाईंनी त्याच्यासाठी वेगळी, मऊ खेप केली, आणि त्याचे गाल चार दिवसांत निवळले. झालं! शेजारणीनं बघितलं, तिनं मागितलं. तिच्या बहिणीला हवं झालं. बघता बघता गल्लीत कुणाकडे पाळणा हलला की आमच्या दाराची कडी वाजायला लागली. लोक त्यांना डबीवाल्या बाई म्हणायला लागले. नोकरी सुटली, हात बरे झाले, पण डब्या काही थांबल्या नाहीत.

मलम करायचा दिवस म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात आम्हाला मज्जाव. खिडकीतल्या कुंड्यांमध्ये त्या झेंडूसारखी दिसणारी लहान केशरी फुलं लावतात. त्यांच्या पाकळ्या सावलीत खडखडीत वाळवायच्या, सूर्यफुलाच्या तेलात बुडवून बरणी खिडकीशी ठेवायची, तेलाला रंग चढला की स्वच्छ फडक्यातून गाळायचं. मग गरम पाण्याच्या पातेल्यात वाडगा ठेवून त्यात ते तेल आणि मधवाल्याकडचं मेण, हळूहळू. सुगंध नाही, रंग नाही. पाण्याचा तर थेंब चालत नाही, नाहीतर डबी आतून खराब होते. एकदा मी धुतलेला चमचा तसाच ओला पुढे केला तर त्यांनी मला खांद्याला धरून बाहेर काढलं, न बोलता. डब्या पूर्ण गार होईपर्यंत झाकण लावायचं नाही. आणि प्रत्येक खेप आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायची, दुसऱ्या दिवशीपर्यंत काही झालं नाही तरच डब्या दाराबाहेर जाणार. देताना एकच वाक्य, प्रत्येक आईला तेच: "बोटाच्या टोकाएवढं घ्यायचं, बोटांवर कोमट करायचं, मग लावायचं."

हे वाक्य आमच्या घरात भिंतींनाही पाठ आहे. घरभर डब्याच डब्या ना! यजमानांच्या हत्यारांच्या पेटीत एक, माझ्या शिलाई मशीनच्या खणात एक. मुलगा पहाटे दुधाची गाडी घेऊन जातो, थंडगार क्रेट उचलून त्याचे हात फुटतात, म्हणून गाडीत एक. कुठलीही डबी संपत आली की जाऊबाई न सांगता भरून ठेवतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तर अशा घरात आमची नात जन्मली. आजोबा तिला ठकी म्हणतात, म्हणजे बाहुली. लाकडाची नाही, लोण्याची ठकी. भर थंडीत आली, म्हणून मी माझं सगळं शिवणकाम बाजूला सारून तिच्यासाठी झबली, बंड्या, अस्तर लावलेले कोट शिवले. ती त्यात इतकी गुंडाळलेली असायची की तोंड कुठल्या बाजूला आहे ते शोधावं लागे. जाऊबाईंनी तिच्यासाठी खास खेप केली, एरवीपेक्षाही मऊ, आणि डबी सूनबाईच्या हातात दिली. वाक्य तेच.

सुरुवातीला सगळं छान. मग एका सकाळी सूनबाईनं हाक मारली, "आई, इकडे या लवकर." ठकीच्या मानेवर बारीक लाल पुटकुळ्या. दुसऱ्या दिवशी पाठीवर. मग छातीवर, काखेत, गुडघ्यांच्या मागे. पोर किरकिरायला लागली, झोपेना. उचललं तरी रडे, ठेवलं तरी रडे. आमच्या तोंडचं पाणी पळालं.

सूनबाई शहाणी पोर. तोंडानं कुणाला दुखावणार नाही. तिनं ती डबी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि कपाटावर वर ठेवून दिली. एवढंच. पण जाऊबाई दारात उभ्या होत्या आणि त्यांनी ते बघितलं.

त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. खिडकीशी पाकळ्यांची बरणी होती, तेलाला रंग चढत होता. ती उचलून त्यांनी ओट्याखाली, पार मागे सरकवली. मी म्हटलं, "अहो जाऊबाई, हे काय करताय?"

"माझ्यामुळे झालं असेल तर पुरे झालं," त्या म्हणाल्या. "पोरीला काय झालंय ते कळू दे. माझ्या डबीनं झालं असेल तर मी पुन्हा भांडं चढवणार नाही."

"तुमच्या डबीनं आजवर कुणाला काही झालंय?"

"आजवर नाही झालं म्हणजे आज होणार नाही असं थोडंच आहे?"

मला राग आला, पण कुणाचा ते कळेना. सूनबाईचा येईना, ती आई आहे. जाऊबाईंचा येईना. म्हणून मी यजमानांवर ओरडले, ते जवळच उभे होते.

त्या दिवसापासून जाऊबाईंनी दोन्ही हात स्वेटरच्या खिशांत घातले ते घातलेच. ठकीच्या खोलीत यायच्या, दारापाशी उभ्या राहायच्या, लांबूनच "झोपली का गं?" विचारायच्या. जवळ म्हणून येत नव्हत्या. जेवणाचं ताट तसंच सारायच्या. ज्या बाईनं माझ्या मुलाला अंगाखांद्यावर वाढवलं, जिला तो आजही मोठ्याई म्हणतो, ती स्वतःच्याच घरात पाहुणीसारखी भिंतीला धरून चालत होती. मला ते बघवेना.

मधेच मला एक युक्ती सुचली. त्याच खेपेतली डबी बेकरीवाल्याच्या जुळ्यांना गेली होती. मी जाऊबाईंना ओढतच तिकडे नेलं. जुळी ठणठणीत! गाल असे तुकतुकीत की बघत राहावं. मी म्हटलं, "बघा! मिटली शंका?" तर परतीच्या वाटेवर त्या म्हणतात, "मग आपल्याच पोरीला का?" म्हणजे मी गेले होते ओझं उतरवायला आणि आणखी एक चढवून आले.

शेवटी दवाखान्यात जायचं ठरलं. सूनबाई आणि मुलगा जाणार, एवढं साधं होतं. पण मी म्हटलं, मी आहेच. यजमानांनी दुकानाला कुलूप घातलं. जाऊबाई म्हणाल्या, "माझ्या डबीचं आहे, मी यायलाच हवं." तिथे खिडकीत बसलेल्या मुलीनं आमचा मोर्चा बघून विचारलं, "पेशंट नक्की कोण?" मुलानं गाठोडं वर करून दाखवलं.

आत आम्ही चौघं मोठी माणसं आणि ठकी. जाऊबाई आत यायला तयार होईनात, दाराबाहेरच्या बाकावर बसल्या. दार मी मुद्दाम उघडं ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी ठकीचे कपडे काढायला घेतले. कोट काढला, आत बंडी. बंडी काढली, आत दुसरी बंडी. "अजून किती आहेत?" त्यांनी विचारलं. मी अभिमानानं म्हटलं, "सगळे मी शिवलेत." त्यांनी पुढची बंडी सोडायला घेतली. शेवटी ठकी उघडी झाली, त्यांनी तिला उचलायला हात घातला आणि ती त्यांच्या हातातून साबणाच्या वडीसारखी सटकली. टेबलावरच होती म्हणून बरं. त्यांनी आपली बोटं एकमेकांवर घासून बघितली. चकचकीत झाली होती.

"काय लावता हिला?"

सूनबाईनं मान खाली घालून पर्समधून डबी काढली. डॉक्टरीणबाईंनी वास घेतला, बोटानं दाबून बघितलं. "घरचं आहे? यात काय काय आहे?"

बाहेरच्या बाकावरून जाऊबाई उठून दारात आल्या. हात खिशात. परीक्षेला उभ्या राहिल्यासारखं त्यांनी सांगितलं, "सूर्यफुलाचं तेल, मेण आणि वाळवलेली फुलं. दुसरं काही नाही."

"हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सूनबाईकडे वळल्या. "दिवसातून किती वेळा लावता?"

"एकदाच. आंघोळीनंतर. पण पुटकुळ्या आल्यापासून तेही बंद आहे."

डॉक्टरीणबाईंनी ठकीच्या पाठीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. "बंद आहे?"

मग माझ्या मुलानं घसा खाकरला. "मी लावतो... पहाटे गाडीवर जायच्या आधी. मोठ्याईच्या डबीनं काही होत नाही म्हणून. ती जागी असते ना, हसते माझ्याकडे बघून. एकदाच. फक्त गालांना." सूनबाई त्याच्याकडे बघत होती. "म्हणजे गाल. आणि मान. आणि मग पाठ राहते म्हणून पाठ."

"पण डबी तर माझ्याकडे असते!"

"गाडीतली आहे ना."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आणखी कुणी?"

माझे यजमान वर छताकडे बघायला लागले, जणू तिथलं लाकूडकाम तपासताहेत. मी त्यांना कोपर मारलं. "मी पोरीला नाही लावत," ते म्हणाले. "मी माझ्या हातांना लावतो. हे हात बघा, रंधा मारून मारून खरखरीत झालेत, सोलून निघायची बिचारी. म्हणून उचलायच्या आधी चांगलं थापून घेतो."

"आणि दिवसातून किती वेळा उचलता?"

"रडली तर उचलतो," ते म्हणाले. थोडा विचार करून पुढे म्हणाले, "नाही रडली तरी उचलतो."

मग सगळे माझ्याकडे वळले. आता माझ्याकडे बघायचं काय कारण? मी म्हटलं, "मी काही नाही हं. दुपारी माझ्या मशीनशेजारी निजते, तेव्हा आपलं जरासं. हातपाय कोरडे दिसतात म्हणून. बोटाच्या टोकाएवढंच!" आणि मी ते टोक दाखवलं. माझा मुलगा म्हणाला, "आई, ते टोक नाही, अख्खं बोट आहे. एवढं तेल तू मशीनला घालत नाहीस."

तेव्हा डॉक्टरीणबाई हसल्या. पोट धरून हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "अहो, बाळाला काही झालेलं नाही. घामोळं आहे. तुम्ही चौघांनी तिच्या अंगाची सगळी दारं बंद केलीत, वर हे कोट. घाम जाणार कुठून? भर थंडीत घामोळं आलेलं मूल मी फार कमी वेळा बघितलंय."

"म्हणजे डबीनं नाही झालं?" सूनबाईनं विचारलं.

"डबीची काही चूक दिसत नाही. चांगलं आहे मलम. अति झालं, एवढंच. आता काही दिवस काहीच लावू नका, हलके कपडे घाला. ताप आला किंवा पुटकुळ्यांत पू दिसला तर लगेच आणा, पण मला नाही वाटत यावं लागेल. पुढे गाल कोरडे पडले तर थोडंसं लावा. आणि एकाच माणसानं लावा!"

माझा जीव भांड्यात पडला. मुलगा मोठ्यानं म्हणाला, "बघा, चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो आपण!" यजमान ठकीला उचलायला पुढे झाले, मग स्वतःच्या हातांकडे बघून थबकले आणि पँटला हात पुसायला लागले. सगळे एकदम बोलत होतो, हसत होतो. सूनबाई मात्र दाराकडे बघत होती.

"मोठ्याई," ती म्हणाली, "तुम्ही कधी लावायचात?"

"मी? मी नाही लावलं."

"एकदाही नाही?"

"लावायचं ते आईनं, नाहीतर आजीनं," जाऊबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, अगदी साध्या आवाजात, "मला कुणी म्हटलं नाही ना गं."

माझं हसू तिथल्या तिथे विरलं. आम्ही चौघांनी पोरीला चोपड चोपड चोपडलं, एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही. आणि जिनं ते मलम केलं, जी गल्लीतल्या प्रत्येक बाळासाठी डबी भरत आली, तिनं स्वतःच्या घरातल्या बाळाच्या गालाला बोट लावलं नव्हतं. कुणी म्हणायची वाट बघत राहिली होती. मला इतकं वाईट वाटलं की मी काहीच बोलले नाही, आणि मी बोलले नाही म्हणून यजमान घाबरले.

घरी आल्यावर मात्र सगळ्यांना कडकडून भूक लागली. पातेलं खरवडून जेवलो. माझ्या बंड्या मी स्वतः घडी घालून पेटीत ठेवल्या, कुणी न सांगता, हे नोंदवून ठेवा. दोनच दिवसांत ठकीचं घामोळं सुकायला लागलं, आठवडा संपायच्या आत पाठ स्वच्छ झाली. पोर अशी गाढ झोपली की आम्हीच तिला उठवून बघायला लागलो, ठीक आहे ना म्हणून. जाऊबाई जेवायला लागल्या, पण ओट्याखालची बरणी तिथेच होती. हातही खिशातच. मी दोनदा टोमणा मारला, "हात काय शिवून टाकलेत का खिशाला? द्या इकडे, उसवून देते." नुसत्या हसल्या.

मग पुन्हा गारठा वाढला आणि एका सकाळी ठकीचे गाल कोरडे पडले. सूनबाईनं सगळ्यांना हाक मारली. बघतो तर टेबलावर डब्यांचं दुकान मांडलेलं. गाडीतली, हत्यारांच्या पेटीतली, माझ्या मशीनच्या खणातली, खिडकीतली, आरशामागची. जप्तीच आणली होती पोरीनं.

"या तुमच्या हातांना लावायला," ती म्हणाली. "ठकीची डबी ही एकच. आणि डॉक्टरांनी सांगितलंय, लावणार एकच माणूस."

मी हात पुढे केला. साहजिकच आहे, सख्खी आजी मी! यजमानांनीही केला, त्यांचा तर पुसलेलाही होता. सूनबाई आम्हा दोघांच्या मधून सरळ पुढे गेली आणि दारापाशी जाऊन उभी राहिली.

"मोठ्याई, हात काढा खिशातून."

"अगं, मी कशाला? तुझं बाळ..."

"मी म्हणतेय ना आता? चला, बसा."

जाऊबाई बसल्या. सूनबाईनं ठकीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि उघडलेली डबी समोर धरली. जाऊबाईंचं बोट डबीवर गेलं आणि तसंच थांबलं. अख्ख्या गल्लीला इतकी वर्षं सांगत आलेली ती बाई, वर बघून माझ्या सुनेला विचारते, "किती घेऊ गं?"

सूनबाई डोळे पुसायला लागली. म्हणून मीच खेकसले, "बोटाच्या टोकाएवढं, जाऊबाई! आणि कोमट करून लावा, पोर गारठेल!"

"हो हो, ओरडू नकोस," त्या म्हणाल्या आणि बोटं एकमेकांवर घासायला लागल्या. दुपारी ओट्याखालची बरणी पुन्हा खिडकीशी आली, आणि स्वयंपाकघरात कुणी ओल्या हातानं यायचं नाही अशी मला ताकीद मिळाली.